मर, जरीला आणि कुंभाराचं गाढव

मागच्या खेपेला आपण खानदेशातल्या जिन-प्रेस आणि कापडगिरण्यांपर्यंत येऊन थांबलो होतो. आज गिरणीच्या मागच्या दारानं बाहेर पडून शेतात जायचं आहे. विषयाचं नाव वाचून एका श्रोत्यांनी आम्हाला विचारलं, "सर, तुमचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, मग हे प्रथिनांचं काय काढलंत?" रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर तासाभरात आपोआप येईल अशी आशा आहे. नाही आलं, तर शेवटी पुन्हा विचारा.

सुरुवात घरापासून करू. आमचं मूळ घर तापीकाठचं. लहानपणी आजोबांच्या बोलण्यात 'जरीला' हा शब्द फार यायचा. आम्हा मुलांना वाटायचं, कुणी जरीची साडी नेसणारी बाई असावी. जरीला हे कपाशीच्या वाणाचं नाव आहे, हे पुष्कळ उशिरा कळलं. आजोबा सांगायचे की जरीला येण्याच्या आधी कपाशीचं पीक कमरेएवढं व्हायचं, पात्या-फुलं धरायची आणि एके सकाळी शेताच्या मधोमध ताटाएवढा गोल पट्टा माना टाकलेला दिसायचा. आठ दिवसांत ताटाची परात व्हायची. बांधावरून कुणी विचारलं, "काय व्हयनं?" तर उत्तर एकच, "कपाशी मरी गयी." रोगाला वेगळं नाव द्यायची गरजच नव्हती. मरते म्हणून 'मर'.

ही मर म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. मातीत फ्युझेरियम नावाची बुरशी असते. ती मुळातून आत शिरते आणि झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये वाढते. नळ्या तुंबतात, शेतात ओल असूनही झाड तहानेनं मरतं. जुने शेतकरी मेलेलं झाड उपटून खोड उभं चिरून पाहत. आत तपकिरी-काळ्या रेषा दिसल्या की मर, नाहीतर दुसरं काहीतरी. या परीक्षेला प्रयोगशाळा लागत नाही आणि आजही ती चुकत नाही. वाईट गोष्ट अशी, की झाड मेलं तरी बुरशी मरत नाही. जाड कवचाच्या बीजाणूंच्या रूपानं ती काळ्या जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहते आणि पुढची कपाशी लावली की पुन्हा जागी होते.

आता थोडं मागे जाऊ. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेशात त्या काळात सरकारनं वऱ्हाड-मध्य प्रांताकडून हिंगणघाटचं चांगल्या धाग्याचं बियाणं आणून पसरवलं. त्याच सुमाराला रेल्वे आली, जळगावची बाजारपेठ उभी राहिली. 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, एकाचं ठाणं जळगाव, दुसऱ्याचं धुळे. तोपर्यंत दोन्हीकडे कपाशी हेच नगदी पीक झालं होतं. एकाच शेतात फिरून फिरून तेच पीक घेतलं, की त्या पिकावर जगणाऱ्या बुरशीची सोय होते. मर काही इंग्रजांनी आणली नाही, पण तिला एवढं मोठं ताट बाजारानं वाढलं, असं आमचं मत आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य प्रांतात आणि मुंबई इलाख्यात या रोगाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. त्यात एक मराठी नाव आवर्जून घ्यायला हवं, ते श्री. ल. आजरेकरांचं. त्यांनी आणि बाळ यांनी 1921 मध्ये मध्य प्रांतातल्या मरीवर निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्याच वर्षी इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली आणि संशोधनाला पैसा मिळू लागला. पुढे पुण्यात जी. एस. कुलकर्णी यांनी मरीवर दीर्घ काम केलं. त्यांचा मोठा निबंध 1934 चा आहे. नंतर बी. एन. उप्पल यांच्या देखरेखीखाली ते काम चालू राहिलं.

या पुण्याच्या कामातला एक मुद्दा आम्हाला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून फार मोलाचा वाटतो. शेतात शंभर झाडं आहेत, साठ मेली, चाळीस जगली. जगलेल्या चाळिसांचं बी धरलं, तर पुढच्या वर्षी ती जगायला हवीत ना? पण तसं होत नसे. त्यातली बरीच पुन्हा मरत. कारण ती झाडं पहिल्या वर्षी 'टिकली' नव्हती, नुसती 'चुकली' होती. त्यांच्या मुळाशी बुरशी पुरेशी पोचलीच नव्हती, किंवा माती तापली होती. ही बुरशी मातीचं तापमान 25 अंशांच्या आसपास असताना सर्वांत जोरात असते, फार तापलेल्या मातीत ती ढिली पडते. म्हणून संशोधकांनी ठरवलं की परीक्षा घ्यायची तर नीट घ्यायची. मातीत बुरशी मुद्दाम भरपूर मिसळायची, तापमान तिच्या सोयीचं ठेवायचं आणि त्यात रोपं लावायची. यातून जे वाचेल, ते खरं. 'मरीचा वाफा' म्हणतात तो हा. वाचणं आणि टिकणं यांतला फरक त्यांनी मातीच्या भांड्यात करून दाखवला. आम्ही वर्गात हाच फरक समजावण्यात कित्येक तास घालवले आणि मुलं जांभया देत राहिली. त्या काळी आम्हाला हे उदाहरण ठाऊक असतं, तर बरं झालं असतं.

अशा निवडीतून 1930 च्या दशकात खानदेशाला जरीला मिळाला. देशी कपाशी, मरीला तोंड देणारी, धागा त्या काळच्या मानानं बरा. चांगला धागा आणि मरीपुढं टिकण्याची ताकद एका झाडात आणणं हेच मोठं अवघड काम होतं. जरीला एवढा पसरला की 1940 च्या दशकात मुंबईच्या कापूस बाजारात वायद्याच्या सौद्यांसाठी आधारभूत माल म्हणून त्याचंच नाव आलं. इंचाचे 25/32 भाग लांबीचा धागा असलेला जरीला, त्याचा खंडीचा भाव, हे त्या काळच्या वर्तमानपत्रांच्या बाजारपानावर रोज छापलं जाई. शेताच्या मधोमध पडणारा तो गोल पट्टा थांबला म्हणून आमच्या गावाकडचं नाव मुंबईच्या सट्ट्यात गेलं. नंतर 1950 च्या आसपास विरनार हा आणखी सुधारलेला वाण आला.

पण एक प्रश्न तेव्हा अनुत्तरितच राहिला. जरीला मरत नाही, हे खरं. का मरत नाही? त्या काळच्या संशोधकांनी संकर करून हिशेब मांडला आणि दोन-तीन जनुकांच्या जोडणीवर हा गुण अवलंबून आहे, इथपर्यंत ते आले. जनुक तिथं काय करतं, हे सांगण्याचं साधन कुणाकडेच नव्हतं. 'प्रतिकारशक्ती आहे म्हणून मरत नाही' असं म्हणणं म्हणजे 'झोप आणणारी शक्ती आहे म्हणून अफू झोप आणते' असं म्हणण्यासारखंच. शब्द बदलला, ज्ञान तेवढंच राहिलं.

आता आपण जळगाव सोडून पॅरिसला जाऊ. 1975 साली ज्याँ-क्लोद काडेर यांनी बटाट्यातून एक प्रथिन वेगळं काढलं. पेशीच्या आत पडदे असतात, ते पडदे लिपिडांचे म्हणजे तेलकट रेणूंचे बनलेले असतात. तेल पाण्यात फिरत नाही, मग एका पडद्याचा रेणू दुसऱ्या पडद्यापर्यंत जातो कसा? काडेर यांना परीक्षानळीत असं दिसलं की हे प्रथिन घातलं की लिपिडांची ने-आण वाढते. म्हणून त्याचं नाव पडलं लिपिड ट्रान्सफर प्रोटीन, लिपिड-वाहक प्रथिन. आपण नुसतं एलटीपी म्हणू. पुढे मका, पालक, गहू, जव, जिथं शोधावं तिथं त्याचे भाऊबंद सापडले.

त्याचं रूप मोठं मजेदार आहे. प्रथिनांच्या जगात ते अगदी छोटं, नव्वदेक अमिनो आम्लांची माळ. त्यात सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल आठ ठिकाणी ठरलेल्या जागी येतं आणि दोन-दोन सिस्टीनांची गाठ बसून चार बंद तयार होतात. बाराबंदी जशी बंदांनी आवळून बसते, तसं हे प्रथिन चार बंदांनी आवळलेलं. त्यामुळे ते उकळलं तरी सहजी उसवत नाही. आणि मधोमध शेंगेसारखी एक पोकळी, तिच्यात तेलकट रेणू बसतो.

गोष्ट इथंच संपली असती तर आम्ही आज हा विषय घेतला नसता. 1990 च्या सुमाराला घोटाळा झाला. या प्रथिनाच्या जनुकाला एक पत्ता चिकटवलेला असतो आणि तो पत्ता पेशीच्या बाहेरचा निघाला. गाजराच्या पेशींवरच्या 1991 मधल्या कामात हे प्रथिन पेशीबाहेर, भिंतीत सापडलं. मग पेशीच्या आतल्या पडद्यांमध्ये ते ने-आण कशी करणार? घरातल्या भांड्यांची ने-आण करणारा गडी म्हणून ज्याला ओळखत होतो, तो कायम अंगणातच उभा असतो, असं कळलं. पण नाव पडलं ते पडलं. काशीनाथ नावाच्या माणसानं काशी पाहिलेली असतेच असं नाही.

अंगणात उभा राहून तो करतो काय, याची उत्तरं एकामागून एक येऊ लागली. 1993 साली माद्रिदच्या मोलिना, सेगुरा आणि गार्सिया-ओल्मेदो यांनी दाखवलं की जवाच्या आणि मक्याच्या पानांतली ही प्रथिनं रोगकारक बुरशी आणि जिवाणू यांची वाढ रोखतात. 1995 मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी कांद्याच्या बियांतून याच घराण्यातलं, बुरशीविरुद्ध फार जबर असं एक प्रथिन काढलं. त्याला एस-एएमपी-1 म्हणतात. साक्री-पिंपळनेरकडच्या मंडळींनी लक्षात घ्यावं, हा पराक्रम कांद्याचा आहे. आणि त्यातली खरी गंमत ऐका. हे कांद्याचं प्रथिन लिपिडांची ने-आण करतच नाही. त्याची पोकळी बुजलेली आहे. म्हणजे वाहक घराण्यातला सर्वांत मोठा लढवय्या वाहकच नाही!

तिसरं उत्तर 2002 चं. अरेबिडॉप्सिस नावाच्या प्रयोगातल्या एका रानटी रोपात असा एक बिघाड सापडला की रोपाच्या ज्या पानावर हल्ला झाला ते पान नीट लढतं, पण उरलेल्या झाडाला खबरच लागत नाही. एरवी एका पानाला रोग लागला की सगळं झाड सावध होतं. इथं दवंडी पिटणाराच गैरहजर. बिघडलेलं जनुक तपासलं तर ते एलटीपीसारख्या प्रथिनाचं निघालं, डीआयआर-1. शिवाय पानावरचं मेणाचं, ओशट आवरण घडवण्यातही या घराण्याचा हात असावा असं दिसतं. कापसाच्या धाग्यातसुद्धा एलटीपीचं जनुक जोरात चालतं, हे अमेरिकेतल्या मिसिसिपीत 1995 मध्ये दाखवलं गेलं. सरकीवरून नुकताच काढलेला कापूस पाण्यावर टाकून पाहा, तरंगतो. त्याच्यावर मेण असतं. दवाखान्यातला कापूस पाणी पितो, कारण त्याचं मेण काढून टाकलेलं असतं. आमच्या आजीची वात तेलात भिजायला वेळ का घ्यायची नाही आणि पाण्यात का घ्यायची, हे आम्हाला वयाच्या सत्तरीत कळलं.

आता आमच्या दुकानातला माल काढतो. आपल्याकडे नैयायिकांनी कार्यकारणभाव ठरवण्याची रीत घालून दिली आहे, अन्वय आणि व्यतिरेक. हे असेल तर ते असतं, हे नसेल तर ते नसतं. आणि त्यांनी एक धोक्याची सूचनाही दिली, अन्यथासिद्धाची. मडकं घडताना दरवेळी कुंभाराच्या दारात गाढव उभं असतं, माती त्यानंच वाहून आणलेली असते. म्हणून गाढव हे मडक्याचं कारण नव्हे. दंड आणि चाक ही कारणं, गाढव नुसतं हजर.

रोग लागलेल्या झाडात एलटीपीचं प्रमाण वाढतं, असं पुष्कळ पिकांत दिसलेलं आहे. एवढ्यावरून ते रोग अडवतं असं म्हणता येईल का? नाही. ते चाक असेल किंवा गाढव असेल. म्हणून डीआयआर-1 चं महत्त्व. तिथं जनुक बिघडलं आणि प्रतिकार गेला, हा व्यतिरेक झाला. अन्वयासाठी उलट करायला हवं, नसलेल्या झाडात ते घालून पाहायला हवं. तेही झालं आहे आणि त्यातलं काही आपल्या शेजारी झालं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात भारत चट्टू यांच्या गटानं कांद्याचं हे जनुक गव्हात आणि भातात घातलं, दोन्ही कामं 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. रोपांची रोगाला तोंड देण्याची ताकद वाढली. आणि 2013 मध्ये बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी तेच कांद्याचं जनुक रसथाळी केळीत घातल्याचं प्रसिद्ध केलं. केळीच्या मर रोगापुढं ती रोपं साध्या रसथाळीपेक्षा चांगली टिकली.

केळी म्हटल्यावर जळगावकर सरसावून बसले, हे आम्हाला इथून दिसतं आहे. बसायलाच हवं. केळीची मरही फ्युझेरियमचीच, कपाशीच्या मरीची सख्खी बहीण. गेल्या शतकात मध्य अमेरिकेत ग्रो मिशेल नावाची केळी होती, जगाच्या बाजारात तीच चाले. 1950-60 पर्यंत मरीनं तिचा बाजार उठवला आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश आली, कारण त्या मरीपुढं कॅव्हेंडिश टिकत होती. आपली बसराई कॅव्हेंडिश कुळातली, आजची ग्रँड नैनही त्याच कुळातली. 1990 च्या दशकात जळगावात ऊतिसंवर्धित रोपं आली, ठिबक आलं, आणि रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर इथं एकसारखी, एका वेळी निसवणारी केळी उभी राहिली. 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. या सगळ्याचा आम्हाला अभिमान आहे. पण ऊतिसंवर्धन म्हणजे एकाच झाडाच्या लाखो नकला. एक पडली तर सगळ्या पडायच्या.

आणि कॅव्हेंडिशलाही मारणारी मर आता आली आहे. तिला टीआर-4 म्हणतात. 1990 च्या दशकात ती आग्नेय आशियात होती, 2019 मध्ये कोलंबियात पोचली. भारतात ती बिहारच्या कटिहार-पूर्णिया भागात सापडली. ग्रँड नैनवरच्या मरीच्या नोंदी सुरत आणि बऱ्हाणपूरकडूनही आल्या. रावेरहून बऱ्हाणपूर किती लांब, हे इथल्या कुणाला सांगायला नको. रोज ट्रक जातात, चाकांना माती चिकटते, बेणं जातं-येतं. कंद, माती, पाणी, तिघांवरून ही बुरशी प्रवास करते.

मग कांद्याचं जनुक ग्रँड नैनमध्ये घालून मोकळं व्हावं का? इथं घाई नको. बंगळुरूचं काम रसथाळीवरचं आणि मरीच्या पहिल्या वंशावरचं, जो कॅव्हेंडिशला तसाही मारत नाही. कुंडीतलं रोप आणि यावलचं शेत यांतलं अंतर आपण मघाशी कुलकर्ण्यांच्या वाफ्यावरून पाहिलंच. शिवाय आपल्याकडे जनुक बदललेल्या पिकांपैकी शेतकऱ्यांच्या शेतात परवानगीनं उभं आहे ते एकटं बीटी कापूस.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. जे प्रथिन बुरशीपुढं उसवत नाही, ते आपल्या पोटातही सहजी उसवत नाही. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत पीच खाऊन ज्यांना त्रास होतो, त्यांच्यातल्या पुष्कळांना तो पीचच्या एलटीपीमुळे होतो. केळीतही असं ऍलर्जी आणणारं एलटीपी नोंदलेलं आहे, त्याला मस-ए-3 म्हणतात. लगेच घाबरून केळी सोडू नका, बहुसंख्य लोकांना त्यानं काहीही होत नाही. पण ढाल म्हणून जे प्रथिन झाडात वाढवायचं, तेच एखाद्याच्या ताटात बाण होऊ शकतं, याचा विचार आधी व्हायला हवा. फळात नको, फक्त मुळात तयार होईल असं करता येईल का, हा तांत्रिक प्रश्न झाला. किती लोकांच्या किती त्रासापुढं किती शेतं वाचवायची, हा तांत्रिक प्रश्न नाही. तो कुठल्याही वाफ्यात सुटणार नाही. तो आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांच्या आणि तुमच्या सगळ्यांच्या गळ्यात आहे. ज्या श्रोत्यांनी सुरुवातीला प्रश्न विचारला, त्यांना आमचं उत्तर एवढंच.

जरीलाचं पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं. 1970 मध्ये सुरतेहून सी. टी. पटेलांचा संकरित एच-4 आला, 2002 मध्ये बीटी आला. हे सगळे अमेरिकन जातीचे कापूस. भारतातली मरीची बुरशी देशी कपाशीला मारते, अमेरिकन कपाशीला सहसा मारत नाही. त्यामुळे देशी कपाशी हटली तशी मर हा शब्दही कपाशीच्या शेतातून हटला. आमच्या पुतण्याला मर म्हणजे हरभऱ्याची किंवा तुरीची एवढंच ठाऊक आहे. रोगावर विजय मिळाला असं म्हणायचं असेल तर म्हणा, पण ज्याच्यावर तो जगत होता ते पीकच आपण काढून घेतलं, एवढंच घडलं.

आणि इकडून हटलेली ती मर तिकडे निघाली. भारतीय कपाशीवरून ओळखलेल्या या बुरशीच्या वंशाला रेस-4 म्हणतात. 2001 मध्ये ती कॅलिफोर्नियात सॅन होकीन खोऱ्यात सापडली, तिथल्या लांब धाग्याच्या पिमा कापसावर. आता तिथले शास्त्रज्ञ मरीचे वाफे करून, जगलेली रोपं निवडून, पुन्हा त्याच मातीत लावून पाहतात. एकशेसाठ वर्षांपूर्वी त्यांच्या युद्धानं आपल्याकडे कापूस वाढवला होता, आता आपल्याकडची बुरशी त्यांच्या शेतात आहे.

देशी कपाशीचे वाण नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या जनुकपेढीत जपलेले आहेत, थंड खोलीत, नंबर लावलेल्या पाकिटांत. जरीलाच्या मुळात काय होतं, हे विचारण्याची साधनं आज आपल्याकडे आहेत. 1934 मध्ये ती नव्हती. त्या मुळातलं एलटीपी चाक आहे की गाढव, हे पाहायला कुणी तरुण संशोधक धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून किंवा राहुरीहून निघाला, तर आमच्याकडे आजोबांच्या आठवणींखेरीज द्यायला काही नाही, पण त्या आम्ही जरूर देऊ.

पुढच्या वेळी केळीच्या वॅगनी. रावेर, निंभोरा, सावदा ही स्टेशनं आणि दिल्लीचा बाजार. प्रश्न असतील तर आता विचारा.